पोकुआचं वजन आणि आमचं उखळ

मी शिंपी. त्यामुळे बायकोचं वजन वाढतंय हे नर्सच्या आधी मला ठाऊक होतं. वीस वर्षं मी पोकुआच्या झग्यांच्या शिवणी गुपचूप उसवून कमरेत बोट-बोट कापड सोडत आलो आणि तिला पत्ता लागू दिला नाही. आमच्या कुमासी शहराच्या बाजारात टोमॅटो विकणारी बाई अंगाने भरलेली असली की लोक नवऱ्याचंही कौतुक करतात. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

मग तिच्या पायाची जखम तीन महिने भरेना. दवाखान्यात रक्तात साखर निघाली. नर्सने तिला भिंतीशी उभं केलं आणि डोक्याचं फडकं काढायला सांगितलं.

"राहू दे की. फडक्यासकट मोज," पोकुआ म्हणाली. "तेवढीच उंच भरेन."

नर्सने फडकं काढूनच मोजलं. दीड मीटर आणि वर सहा सेंटिमीटर. उंचीला उंचीने गुणलं, आलेल्या आकड्याला पंचविसाने गुणलं आणि उत्तराभोवती गोल काढला. एकसष्ट. "या उंचीला फार तर एवढे किलो, मावशी. तुम्ही चौऱ्याण्णव आहात."

"सत्तरला देऊन टाक," पोकुआ म्हणाली. दिवसभर भाव करणारी बाई ती, तिथेही घासाघीस करायला लागली.

नर्स हसली नाही. "आधी दहा-पंधरा तरी उतरवा. नाहीतर आज जखम आहे, उद्या पाय कापावा लागेल."

पोकुआची आई अशीच गेली होती. आधी बोट, मग पाय, मग ती.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या ताटातला फुफूचा गोळा मुठीएवढा झाला. आता ही पंचाईत कुणाला सांगायची? आमच्या अंगणाभोवती सहा बिऱ्हाडं. संध्याकाळी फुफूसाठी उकडलेले कसाव्याचे कंद आणि कच्ची केळी उखळात कुटायचा आवाज कुणाच्या घरून किती वेळ येतो, यावर कोण किती खातं ते सगळे ओळखतात. मुठीएवढा गोळा पाच मिनिटांत होतो. तो काढून घेतला की मी पत्र्याच्या आडोशाला रिकाम्याच उखळात अर्धा तास मुसळ आपटत राहायचो.

"मास्तर, हात मोडतील तुझे," पोकुआ समोर बसून हसायची.

"मोडू देत. ओदुरो शिंपी बायकोला उपाशी ठेवतो, हे मला ऐकून घ्यायचं नाही."

पण अंग थोडंच लपतं? पाच महिन्यांत ती अठ्ठ्याहत्तरवर आली. जखम भरली, आणि कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणे, तिला वाईट दुखणं लागलंय. कुणी म्हणे, नवरा घास मोजून देतो. ती कुजबुज गावी पोचली आणि एका संध्याकाळी तिची मावशी आदोमा पिशवी घेऊन अंगणात येऊन उभी राहिली. आमच्याकडे मुलगी आईच्या कुळाची, आणि आई नसली की मावशीचा शब्द शेवटचा.

"जावईबापू, भरल्या अंगाची पोर दिली होती तुम्हाला. हे काय उरवलंत?" मग पोकुआकडे वळून, "कपडे बांध. गावी चल. महिनाभर माझ्या हातचं खा, मग बघू."

सगळी बिऱ्हाडं दारात आली होती. पोकुआने माझ्याकडे पाहिलं आणि मला वाटलं, ही जाणार. बाजारातल्या टोमण्यांनी ती थकली होती. आधीचीच बरी होते, असं परवाच म्हणाली होती. गावी महिनाभर ताटभर फुफू, मग पुन्हा तीच जखम. मी पार घाबरलो.

"काय हो, रोज अर्धा तास कुटतो बिचारा," शेजारची न्यारकोआ म्हणाली. "रिकाम्या उखळात."

"रिकाम्या?" मावशीने विचारलं.

"लाकडावर लाकूड आपटल्याचा आवाज बायांना कळत नाही होय? पाच महिने ऐकतोय आम्ही. पोरं हसायला लागली की गप्प करतो."

धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं, असं मला झालं. आपण बायकोची अब्रू राखतोय म्हणून मी छाती काढून फिरत होतो.

"बारीक मला व्हायचंय, मावशी," पोकुआ म्हणाली. "मला कुणी नावं ठेवू नयेत म्हणून तो वेड्यासारखा कुटतो. आईसारखी साखर माझ्याही रक्तात निघालीय. तिचा पाय तूच धुवायचीस ना?"

मावशी उखळाशेजारच्या स्टुलावर बसली. "शेवटी धुवायला पाय उरला नव्हता," ती हळूच म्हणाली. "मला का नाही कळवलंस?"

"तू रडली असतीस, आणि मी खाल्लं असतं."

आदोमाने तिला जवळ ओढलं, मनगट दाबून पाहिलं, मग पायावरचा वण पाहिला. बराच वेळ पाय सोडला नाही.

"जावईबापू, बारीक तर बारीक," ती म्हणाली. "हिच्या आईला आम्ही भरल्या अंगानं पुरलं. ही मला जिवंत हवी."

मग तिने पिशवी आमच्या खोलीत नेऊन ठेवली आणि जेवायला काय आहे ते विचारलं. मी सांगितलं, मुठीएवढं. ते आम्ही तिघांनी वाटून खाल्लं.