कान तुटलेल्या सशाचा फोटो

सकाळी साडेआठला खेळण्यांच्या दवाखान्याच्या वेबसाइटवर एका सशाचा फोटो चढला. एक कान दोऱ्याला लोंबकळतोय, पोट उसवलंय, आतला कापूस बाहेर डोकावतोय. हा फोटो तिथे जायला नको होता.

दवाखाना म्हणजे रस्त्याला लागून असलेली एक खोली: शिवणयंत्र, कापसाची पोती आणि डोळ्यांच्या बटणांनी भरलेल्या बरण्या. इथे कापडी खेळणी दुरुस्त होतात. शिवते दोघी बहिणींतली थोरली. फोन, पार्सलं, वेबसाइट आणि बडबड हे सगळं धाकटीकडे. दुकान मूळ त्यांच्या मामांचं. आता मामांचे हात थरथरतात, म्हणून ते खिडकीशी खुर्ची टाकून बसतात आणि नियम सांगतात.

त्यांचा पहिला नियम असा की मोडकं खेळणं चारचौघांत दाखवायचं नाही. आलं की त्यावर फडकं टाकायचं, बरं झालं की मगच काढायचं. "आपल्या माणसाचा असा अवतार जगाने बघावा असं कुणाला वाटतं?" असं मामा विचारत. त्यामुळे वेबसाइटवर झाडून सगळी खेळणी गुटगुटीत. त्यात थोरलीचा टाका असा की शोधूनही सापडू नये.

घोडं तिथेच पेंड खात होतं. लोक वेबसाइटवर रोज येत, फोटो बघत आणि आल्या पावली परत जात. क्वचित कुणी विचारी, "हत्ती पिवळ्या रंगात मिळेल का?" निरोप आला की दुकानाच्या फोनवर घंटा वाजे, पण बहुतेक वेळा ती चालू आहे ना हे बघायला धाकटीनेच वाजवलेली असे.

काम पार आटलं होतं. पडद्यांच्या कारखान्याने थोरलीला नोकरी देऊ केली होती आणि हो की नाही ते आज संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. ती गेली की दुकानाला कुलूप. कारण धाकटीने शिवलेलं बटण, मामांच्या शब्दांत, "कुणी शिंकलं तरी गळून पडतं."

फोटोचं झालं ते असं. खेळणं उसवण्याआधी थोरली त्याचा एक फोटो काढून ठेवी. डोळा किती तिरका होता, ओठ कुठे दुमडला होता, हे पुढे चुकायला नको. बऱ्या झालेल्या सशाचा फोटो चढवताना धाकटीच्या एका हातात चहा होता. दुसऱ्या हाताने तिने शेजारचा फोटो दाबला.

घंटा वाजली. कुणी तिकडे पाहिलंही नाही.

पुन्हा वाजली. मग थांबेचना.

"अगं, तो फोन बिघडलाय का बघ," मामा म्हणाले.

धाकटीने बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. "ताई, रागावू नकोस हं. माझ्या हातून एक घोळ झालाय."

थोरलीने स्क्रीन पाहिली. मामांनी चष्मा लावून पाहिली आणि कपाळावर हात मारला. "भर चौकात आणून टाकलात बिचाऱ्याला! त्याची मालकीण काय म्हणेल?"

मालकीण बस चालवायची. तिचाच फोन आला. थोरलीने जीव मुठीत धरून उचलला.

"माझ्या सशाचं हे काय केलंत?"

"चुकलं हो आमचं. आत्ता काढतो."

"काढताय कशाला? डेपोत सगळ्यांना दाखवला मी! आमच्या साहेबांच्या कपाटात म्हणे एक अस्वल पडून आहे, लहानपणचं. माणूस लाजून लाल झालाय. घेता का ते?"

"घेतो की," थोरली म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला.

धाकटी निरोप वाचत सुटली. "तुम्ही दुरुस्तीही करता?" "आम्हाला वाटलं तुम्ही खेळणी विकता." "आमच्या कुत्र्याने माकडाचं शेपूट खाल्लंय, नवीन लावाल का?"

"दुरुस्तीच करतो म्हणावं, दुसरं काय करतो?" मामा खेकसले.

"मामा, त्यांना कसं कळणार? सगळे रोगी फडक्याखाली! बाहेरून बघणाऱ्याला हा दवाखाना वाटेल की दुकान?"

मामांनी खिडकी सोडून खुर्ची स्क्रीनजवळ ओढली. ही त्यांच्या बाबतीत बातमीच होती. मग म्हणाले, "त्या निरोपाच्या चौकटीवर काय लिहिलंयस?"

"आपली चौकशी नोंदवा."

"शी! कचेरी आहे का ही? गिऱ्हाईक दारात आलं की मी काय विचारायचो?"

"कुठे दुखतंय?" दोघी एकदम म्हणाल्या.

"मग तेच लिही. आणि नाव विचार. माणसाचं नको, खेळण्याचं."

धाकटीने लगेच लिहिलं. सशाच्या फोटोशेजारी बऱ्या झालेल्या सशाचाही फोटो लावला. दुपारपर्यंत पेशंटांची नावं येत राहिली: ढब्बू, राणीसरकार, काकडी. एका आजोबांनी कळवलं की त्यांच्या घुबडाला नाव नाही, पण दुखतंय मात्र सगळीकडे. मामा प्रत्येक नाव मोठ्याने वाचून दाखवत होते आणि घुबडापाशी इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

"मामा, नियम मोडला की तुमचा," धाकटीने चिमटा काढला.

"अर्धाच. दारातून आत येणाऱ्यावर फडकं पडलंच पाहिजे."

चारच्या सुमाराला एक न्हावी दुकान बंद करून स्वतः आला. काखेत जिराफ, मान एका बाजूला कलंडलेली. "मुलीचा आहे," त्याने सांगितलं. मग कुणी काही विचारलं नसताना म्हणाला, "म्हणजे आधी माझाच होता."

मामांनी जिराफावर फडकं टाकलं आणि अदबीने विचारलं, "कुठे दुखतंय?"

संध्याकाळी पडद्यांच्या कारखान्यातून फोन आला. धाकटीने तो थोरलीच्या कानाजवळ धरला.

"काय ठरलं मग तुमचं?" पलीकडून आवाज आला.

थोरलीने तोंड उघडलं, तेवढ्यात घंटा वाजली.

"एक मिनिट हं," ती म्हणाली.

कारखान्याला उत्तर अजून मिळालेलं नाही. फोन चालू आहे आणि थोरलीचे दोन्ही हात जिराफाच्या मानेत आहेत.