उकंडा मिस्त्रींच्या घरचं पांढरं भांडं

मित्रांनो, मी एक जुनं संडासाचं भांडं आहे. नाक मुरडलंत ना? मुरडा, मला सवय आहे. पण ऐका, ही एका भल्या माणसाची गोष्ट आहे.

भट्टीत भाजून, अंगावर पांढरी चकाकी घेऊन, मी कळंबच्या दुकानात आले. तिथून मला उकंडा मिस्त्रींनी नेलं. आसपासच्या गावांत त्यांनी कितीतरी संडास बांधले होते. मला मात्र त्यांनी स्वतःच्या अंगणात बसवलं, पाणी ओतून पाहिलं आणि बायकोला हाक मारली, "सत्यभामा, पाह्य, कसं चमकून राह्यलं!"

कौतुक तेवढंच. मिस्त्री स्वतः शेताकडेच जायचे. "बंद खोलीत मले जमत नाही," म्हणायचे. माझ्यावर तुराट्यांचा, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांचा, ढीग पडला आणि मी काळवंडून गेले.

मग मिस्त्रींना सारखी लघवीची घाई होऊ लागली. शेतापर्यंत दम धरवेना. तुराट्या निघाल्या, सत्यभामाबाईंनी मला घासून लख्ख केलं. मिस्त्री येत, बराच वेळ बसत. धार बारीक, मध्येच थांबणारी. उठले की पुन्हा घाई.

आणि एक दिवस ती धार लाल आली, भाजलेल्या विटेसारखी. काळ्या मातीत कदाचित ती कधी कळलीही नसती. माझ्या पांढऱ्या अंगावर लपेना. मिस्त्रींनी बादलीभर पाणी ओतलं. दोन दिवस सगळं स्वच्छ, मग पुन्हा लाल. दुखत काहीच नव्हतं. तरी बाहेर कुणी नाही ना, हे पाहूनच ते पाणी ओतायचे.

एका सकाळी नळ आला नाही. बादली रिकामी. मिस्त्री पाणी शोधायला बाहेर पडले आणि तेवढ्यात सत्यभामाबाई आत आल्या.

मिस्त्री परतले तेव्हा त्या दारातच उभ्या होत्या. "हे काय होय? कधीपासून चालू आहे?"

"थांबते आपोआप. दुखत नाही."

"दुखत नाही, तर लपवून काहून राह्यले?"

मिस्त्री पायरीवर मटकन बसले. "आपल्या गावच्या नागोरावले असंच झालतं. क्यान्सर निघाला, गेला बिचारा. मले ते नाव डाक्टरच्या तोंडून ऐकायचं नाही."

"नाव नाही ऐकलं, तर रोग निघून जाते का?" सत्यभामाबाई त्यांच्या शेजारी पायरीवर बसल्या. "दीपमालेले फोन लावा. आजच जाऊ."

दीपमाला त्यांची लेक, यवतमाळला राहते. तीच त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. परत आल्यावर सत्यभामाबाई शेजारणीला सांगत होत्या, ते मी ऐकलं. डॉक्टर म्हणाल्या होत्या, "मुतखडा असेल, जंतुसंसर्ग असेल, वाढलेली प्रोस्टेट असेल, कधी कर्करोगही असतो. रक्त सगळ्यांत सारखंच लाल दिसतं. तपासल्याशिवाय मी काही ठरवत नाही, तुम्हीही ठरवू नका."

लघवी तपासली, रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली, बारीक दुर्बिणीनं आत पाहिलं. रिपोर्टची वाट पाहताना मिस्त्रींचं जेवणावरचं मन उडालं. पण आता ते लपवत नव्हते. "आज कमी आहे वो," असं आतूनच ओरडून सांगायचे.

रिपोर्ट घेऊन आले त्या दुपारी अंगणातूनच त्यांचा आवाज घुमला, "क्यान्सर नाही!" मूत्राशयाखालची प्रोस्टेट ग्रंथी वयानं फुगली होती. तिनं लघवीची वाट दाबली होती आणि तिच्याच फुगलेल्या शिरांतून रक्त येत होतं. इतके दिवस कणखर राहिलेल्या सत्यभामाबाई तेव्हा हुंदके देऊन रडल्या. मिस्त्री हसत होते आणि डोळेही पुसत होते. जीव भांड्यात पडतो म्हणतात. त्या दिवशी मला तो आवाज ऐकू आला.

गोळ्यांनी हळूहळू धार मोकळी झाली, लाली थांबली. पुन्हा दिसली तर लगेच या, असं डॉक्टरांनी बजावलंय. मिस्त्री परत कामाला लागलेत. कुणाच्याही घरी भांडं बसवलं की घरधन्याला सांगतात, "भाऊ, पाणी टाकायच्या आधी एक नजर टाकत जा. अन् लाल दिसलं तर घरात सांगजा."

मित्रांनो, तुमच्या आजोबांनाही हे सांगाल ना? आणि तुमच्या घरच्या भांड्यालाही अधूनमधून घासत जा. ते पांढरं राहिलं, तरच त्याला काही सांगता येईल.