फळीवरचा शेवटचा खिळा

चिमट्याच्या टोकाशी घड्याळाची केसासारखी बारीक बालकमानी धरून तिनं मान जागच्या जागी ठेवली आणि नुसती नजर डावीकडे नेली. मग उजवीकडे. डोक्यात काहीच झालं नाही.

"कुणाची वाट बघतेस गं?" समोरच्या टेबलावरून बाबांनी विचारलं.

"झटक्याची. यायचाच असेल तर आत्ता येऊन जाऊ दे. हात आत असताना नको."

समोरचं मनगटी घड्याळ तिच्या शाळेतल्या बाईंच्या आईचं. त्यातली आधीची कमान दुरुस्ती करताना तिच्याच हातून मोडली होती, दोन वर्षांपूर्वी. अंथरुणातून उठणंसुद्धा नको झालं होतं, तेव्हा डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या होत्या. पुढे बरं वाटू लागलं आणि तिनं कुणाला न विचारता त्या एका आठवड्यात बंद केल्या. शेवटच्या गोळीनंतर चौथ्या दिवशी याच टेबलावर नुसते डोळे वळवले, तर कवटीत कुणीतरी बटण खटकन चालू-बंद करावं तसं झालं. हात उडाला. केसाहून बारीक ती तार चुरगळून गेली. भर दुपारी ती दुकानातून उठली ती महिनाभर आलीच नाही. हे टेबल आता आपलं नाही, असं तिनं मनाशी धरलं.

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. सहा महिन्यांनी तिनं कमी करायचं विचारलं, तेव्हा डॉक्टरबाईंनी उलट तिलाच विचारलं, "घड्याळ पुढे जात असेल तर तुम्ही काय करता?"

"आतला काटा केसभर सरकवते. मग दिवसभर थांबते."

"मग हेही तसंच करू. माझ्या नजरेखाली."

आधी गोळीचा तुकडा, नंतर पातळ औषध. सकाळी देवापुढे हात जोडून झाले की बिनसुईच्या सिरिंजनं मोजून घ्यायचं. दर महिन्याला रेघभर कमी. हा नेम तिनं एक दिवसही चुकवला नाही. तरी व्हायचं ते झालंच. फरशी पुसायच्या काठीची जाहिरात बघून ती ढसाढसा रडली. चहा आवाज करत पितात म्हणून बाबांवर ओरडली. नवव्या महिन्यात तर भिंतीला धरून चालायची वेळ आली. डॉक्टरबाईंनी मात्रा एक पायरी वर नेली आणि सहा आठवडे तिथेच ठेवली.

"हरले मी," घरी येऊन ती म्हणाली.

"घड्याळ जरा मागे केलं, तर आपण ते भंगारात टाकतो का?" बाबा म्हणाले, आणि स्क्रू पिळत राहिले.

त्या सगळ्या काळात त्यांनी तिला भिंतीवरचीच घड्याळं दिली, वाटीएवढ्या चाकांची. मनगटी घड्याळांच्या फळीकडे तीही फिरकली नाही. दुकान उघडलं की बाबा रोज विचारायचे, "काय म्हणतंय आज?" ती म्हणायची, डोकं जड आहे. किंवा, झोप लागली. "बरं," म्हणून ते कानावरची पेन्सिल काढत आणि आपल्या फळीकडे वळत.

शेवटचा थेंब घेऊन आता तीन महिने झाले होते. काल बाबांनी बाईंचं घड्याळ आणि नवी कमान तिच्यापुढे ठेवली होती.

कमान जागी बसली. चक्र थरथरलं आणि झोके घेऊ लागलं. बाबा उठून आले, डोळ्याला भिंग लावून बराच वेळ वाकून राहिले.

"फळीवर लाव. आठ दिवस बघू."

दुरुस्त झालेलं प्रत्येक घड्याळ त्या फळीवर आठ दिवस टांगायचं, रोज किती पुढे-मागे ते चिठ्ठीवर लिहायचं, आणि मगच गिऱ्हाइकाला द्यायचं, ही त्यांची जुनी पद्धत. सगळे खिळे भरलेले होते. शेवटच्यावर मात्र घड्याळ नव्हतं. दोऱ्यात ओवलेल्या चिठ्ठ्यांचा नुसता गठ्ठा. तिनं वरची चिठ्ठी उलटली.

*मागे. चिडचिड.*

*मागे. झोप नाही.*

*जाहिरातीला रडली. तरी चालू.*

*एक पायरी वर. थांबलेलं नाही.*

*औषध बंद. बघू.*

आणि त्याखाली, रोजच्या तारखेपुढे एकच शब्द. *बरोबर. बरोबर. बरोबर.*

मागे बाबांनी चहाचा घोट घेतला, चांगला मोठा आवाज करून.

"लोकांची घड्याळं आठ दिवस," ती न वळता म्हणाली. "आणि मी दीड वर्ष?"

"नाजूक माल होता. वर परत जेवणाची भांडी आपटायचा."

ती हसली. बाबांच्या कानावरची पेन्सिल काढून तिनं शेवटच्या चिठ्ठीवर, त्यांच्याच अक्षराखाली लिहिलं, *न्यायला हरकत नाही.* गठ्ठा खिळ्यावरून उतरवून खिशात घातला. रिकाम्या खिळ्यावर बाईंचं घड्याळ लावलं आणि टेबलाशी येऊन बसली.

"हं," भिंग डोळ्याला लावत ती म्हणाली. "पुढचं आणा."