एक अक्षर न बदलता मी बदलले

मित्रांनो, मी संगणकातली एक जुनी फाइल आहे. माझे वय मला ठाऊक नाही आणि मी नक्की दिसते कशी, हेही आता खात्रीने सांगता येत नाही. असे का, ते ऐका.

मला ताईने लिहिले. सकाळी दवाखान्यातला पडदा सुरू करायचा आणि कोणाची पाळी आली ते दाखवायचे, हे माझे काम. ताई आणि तिचा धाकटा भाऊ एकाच टेबलाशी बसत. दोघांनी लिहिलेला कोड एका सामायिक रिपॉझिटरीत, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या कोठारात, राही. डॉक्टरांनी माझे कौतुक केले की मी फुलून जाई.

मग भावाने वेगळ्या प्रणालीचा संगणक घेतला, दवाखान्यातही तसाच बसवला, आणि माझे ग्रह फिरले. ओळ संपली की संगणक तिथे न दिसणारी खूण ठेवतो. ताईचा दोन खुणा ठेवी, भावाचा एकच. दोघांनाही याचा पत्ता नव्हता, मग मला कुठला असणार? ताईने साठवले की मी अशी, भावाने साठवले की तशी. एक अक्षर बदललेले नसे, तरी रिपॉझिटरी माझी प्रत्येक ओळ बदललेली दाखवी. ताईला वाटे, भाऊ आपले काम खोडून नव्याने लिहितो. भावालाही तिच्याबद्दल तेच वाटे. मी कोणाची बाजू घेणार? हळूहळू दोघे बोलेनासे झाले.

एका सकाळी पडदा काळाच राहिला. आदल्या दिवशी मला ताईने साठवले होते, आणि या वेळी तीच प्रत दवाखान्यात गेली होती. माझ्या पहिल्याच ओळीत मला चालवणाऱ्या प्रोग्रामचे नाव असते; दवाखान्याच्या संगणकाला तिथली जादा खूण त्या नावाचाच भाग वाटली, आणि तो म्हणू लागला, अशी फाइल सापडत नाही. मी तर त्याच्या पुढ्यातच होते! बाहेर म्हातारी माणसे ताटकळली, कंपाउंडर दारात उभा राहून नावे पुकारू लागला. दवाखान्यातून आलेला फोन ठेवून भाऊ म्हणाला, “ताई, आता आपण वेगवेगळं काम करू.”

ताईने तिने साठवलेली आणि भावाने साठवलेली अशा माझ्या दोन प्रती शेजारीशेजारी उघडल्या, संगणकाला न दिसणाऱ्या खुणा दाखवायला लावल्या आणि एकेक ओळ ताडून पाहिली.

“अरे, तू माझं काही खोडलंच नव्हतंस,” ती म्हणाली.

“मला वाटलं, तुला माझं काम आवडत नाही,” भाऊ म्हणाला. “विचारायचं धाडसच झालं नाही.”

मग दोघांनी मिळून रिपॉझिटरीत नियमाची एक छोटी फाइल ठेवली: संगणक कोणताही असो, इथे ओळीच्या शेवटी एकच खूण. माझ्या सगळ्या ओळी एकसारख्या केल्या. पडदा उजळला.

मित्रांनो, डोळ्यांना न दिसणाऱ्या खुणेपायी सख्खी भावंडे कशी दुरावतात, हे कोडे मला अजून सुटलेले नाही. तुम्ही मात्र सामायिक काम सुरू करतानाच हा नियम लिहून टाका. आणि तरीही कधी सगळ्याच ओळी बदललेल्या दिसल्या, तर रागावण्याआधी समोरच्याला विचारा. तोही बहुधा तुमच्या विचारण्याचीच वाट पाहत असतो.