गंगाकाकूंचं मत

काशीतल्या दुर्गाघाटावरच्या गंगाकाकू पन्नाशीला अक्षरं शिकायला लागल्या. जवळच्या दूधविनायक मोहल्ल्यातल्या मास्तरांची सून शरदिनी दुपारी आपल्या ओसरीवर बायकांना शिकवायची. कुणी भाजी निवडत बसायची, कुणी नातवाला मांडीवर घेऊन. काकूंना भ आणि म सारखेच वाटत. 'भात' लिहायला सांगितलं की 'मात' व्हायचं. सगळ्या हसायच्या, काकूही हसायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यायच्या.

छत्तीस साली शरदिनीने बातमी आणली. प्रांताच्या निवडणुकीत आता लिहितावाचता येणाऱ्या बाईलाही मत देता येणार होतं. फक्त कचेरीत जाऊन नाव नोंदवायचं. बायका एकमेकींकडे बघू लागल्या.

"परक्या पुरुषांसमोर वाचायचं? नको गं बाई," काकू म्हणाल्या.

त्यांचे पती नीलकंठभटजी मात्र उत्साहाने स्वतःचं नाव घालायला गेले, आणि तोंड पाडून परतले. पुरुषांना मतासाठी घर, भाडं नाहीतर शाळेचा दाखला लागायचा. भटजींचं ना स्वतःचं घर, ना भाडं; ते एका यजमानाने दिलेल्या खोलीत फुकट राहत होते. शाळेचा दाखलाही नव्हता.

"चार तपं वेद म्हणतोय म्हटलं, तर बाबू विचारतो, पंडितजी, दर्जा कौन-सा पास किया? वेदांना कुठली आलीय इयत्ता!"

काकूंनी पुढ्यात ताक ठेवलं. ते पिऊन भटजी म्हणाले, "तू जा. घरातलं एक तरी नाव लागू दे."

"आणि अडखळले तर?"

"मी आहे ना सोबत."

कचेरीत बाबूने एक छापील कागद पुढे केला. "पढ़िए, माताजी."

काकूंना ओळी हलताना दिसल्या. मागून भटजी हळूच पहिला शब्द सांगू लागले.

"आप चुप रहिए, पंडितजी!"

भटजी एक पाऊल मागे सरले. काकूंनी पदर सावरला, ओळीखाली बोट धरलं आणि एकेक अक्षर जोडत वाचायला लागल्या. तिसऱ्या ओळीला आवाज मोकळा झाला. बाबूने थांबवलं तरी त्यांनी वाक्य पुरं केलं. मग नाव लिहिलं, जरा वाकडं, पण स्वतःचं.

परतताना भटजी वाटेत भेटेल त्याला थांबवून सांगत होते, "आमच्या हिला मत मिळालं!"

माघात काकू शरदिनीबरोबर मत देऊन आल्या. भटजी दारातच उभे होते.

"कुणाला दिलंस?"

"ते कुणाला सांगायचं नसतं," काकू म्हणाल्या. "चला, पानं घेते."

भटजी हसत पाटावर बसले.