दुसऱ्या अर्जावरची सही

माझ्या तोंडाला आमच्या वाड्यावर सगळे भितात. रेशनवाला माझं माप नीट करतो, पंचायतीचा पंच दारात आला तर आधी हसून घेतो. हक्काचं कोणी बुडवलं की माझं डोकंच फिरतं. त्या डोक्यानंच माझा घात केला, दुसऱ्याला कशाला दोष देऊ?

विमानतळात आमची काजूची जागा गेली. तिचे पैसे आले तसं ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, कृष्णनाथनं, टॅक्सीचं कर्ज एकरकमी फेडून टाकलं. पाच वर्षांचं कर्ज दोन वर्षांत मिटलं. राहिलेल्या पैशांत घराचं छप्पर झालं आणि आमच्या एकुलत्या लेकीला, तनयाला, बेळगावात नर्सिंगला घातलं. पहिल्या वर्षाची फी भरली. पुढची सगळी ह्यांच्या टॅक्सीच्या कमाईवर होती.

मग एक दिवस शेजारच्या बाबलीनं सांगितलं, की कर्ज देतानाच कंपनी त्यात विमा घालते, माणूस गेला तर कर्ज बुडू नये म्हणून. कर्जच नाही तर विमा कसला, उरलेल्या वर्षांचे पैसे परत मागा. कागद काढून बघितले तर खरंच, बावीस हजार लावलेले, पाच वर्षांचे. ह्यांनी सही करताना वाचलंच नव्हतं. मी दिवसभर बडबडत राहिले. हे जेवता जेवता एवढंच म्हणाले, "आसूं दी गो. गेले ते गेले." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तुमच्या 'आसूं दी'नं पोरीची फी भरणार काय, असं विचारून मी त्यांना गप्प केलं.

अर्ज केला. आमच्या गोव्यात जागा विकायची तर नवराबायको दोघांच्या सह्या लागतात, एकाची चालत नाही. त्याच सवयीनं आम्ही दोघांनी अर्जावर सह्या ठोकल्या. महिन्यानं अर्ज परत. कर्जदार एकटे कृष्णनाथ, तेव्हा सही त्यांच्या एकट्याचीच हवी.

मी तशीच उठून म्हापशाला गेले. हे त्या दिवशी गिऱ्हाईक घेऊन तेरेखोलला होते. तिथं कर्जाच्या कंपनीच्या ऑफिसात प्रमोद म्हणून एक बेळगावकडचा माणूस बसतो. त्यानं मला बसवलं, पाणी दिलं आणि हळू आवाजात समजावलं, की कर्ज मिटलं तरी विमा मिटलेला नाही. तो अजून तीन वर्षं ह्यांच्या नावावर चालू आहे. परत मागाल तर जेमतेम नऊ हजार मिळतील, पण उद्या काही बरंवाईट झालं तर वारसाला तीन लाख चाळीस हजार आहेत. "राहू दे वहिनी," तो म्हणाला.

मला वाटलं, हा पैसे दाबतोय. सगळं ऑफिस ऐकेल अशा आवाजात मी त्याला म्हटलं, "नवरा मरायची वाट बघत पैसे ठेवू काय तुमच्याकडे?"

त्यानं कोरा अर्ज पुढे सरकवला आणि ह्यांची सही घेऊन यायला सांगितलं. परत पेडण्याला घरी जा, ह्यांना गाठा, परत म्हापशाला या. कोण एवढं करणार? खाली उतरले, झेरॉक्सच्या दुकानात टेबलाचा कोपरा बघितला आणि ह्यांची सही मीच केली. वीस वर्षं बघत आले होते ती. अर्ध्या तासानं अर्ज परत दिला. प्रमोदनं सहीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि शिक्का मारला.

नऊ हजार चारशे जमा झाले. मी ते वाड्यावर सगळ्यांना सांगितलं. ह्यांनाही ऐकवलं, बघा, मागितल्याशिवाय कोण देत नाही. ते हसले.

त्याला तेरा दिवस झाले आणि हे गेले. तेरेखोलला गिऱ्हाईक किल्ला बघायला वर गेलेलं. परत येऊन बघतात तर हे स्टिअरिंगवर डोकं टेकून बसलेले. त्यांना वाटलं, झोपलेत. फेरीबोटीतून अलीकडे आणेपर्यंत सगळं संपलं होतं. बेचाळीस वर्षांचा माणूस.

दिवसकार्य झाल्यावर मी म्हापशाला गेले. का गेले ते मलाही माहीत नाही. विमा बंद झालाय हे मला ठाऊकच होतं. प्रमोद मला एक शब्द लागेलसं बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. त्यानं फाईल काढली, तो अर्ज उघडून माझ्यासमोर ठेवला आणि विचारलं, "ही सही त्यांचीच ना, वहिनी?"

तो अगदी हळू सांगत होता, की सही त्यांची नसेल तर अर्ज रद्द करायला वर लिहिता येईल. पैसे मिळतीलही कदाचित. पण मग ती कोणी केली हे लेखी द्यावं लागेल आणि पुढे पोलीस आले तर ते त्याच्या हातात नाही.

तीन लाख चाळीस हजार. तनयाचं सगळं शिक्षण त्यात झालं असतं. पण माझ्या डोळ्यांपुढे पेडण्याचं पोलीस ठाणं आलं. बाप गेलेली पोर, आणि आईला नेलंय ठाण्यावर. नवऱ्याच्या खोट्या सहीसाठी. आयुष्यात कोणाला घाबरले नव्हते मी, तेव्हा घाबरले.

"त्यांचीच," मी म्हटलं.

प्रमोदनं फाईल मिटली. आज वाटतं, सांगायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी परत जायचं म्हणून साडी नेसून तयार झाले होते, पण उंबऱ्याबाहेर पाऊल निघालं नाही. आता तर सांगूनही कोण ऐकणार?

गेल्या आठवड्यात तनयाचा फोन आला. दुसऱ्या वर्षाची फी कधीपर्यंत भरायची ती तारीख सांगत होती. मी म्हटलं, "बाय, सामान बांध आणि घरी ये." ती का म्हणून विचारत राहिली, आणि मी फोन कानाला लावून नुसती बसले.