भाविकाचं कानाचं मशीन

सलग तिसऱ्या मंगळवारी भाविकाच्या कानात मशीन नव्हतं, तेव्हा संघमित्राचा संशय पक्का झाला. कोणीतरी खोटं बोलत होतं.

संघमित्रा चोपडा तालुक्यातली विशेष शिक्षिका. आठवड्यात पाच-सहा शाळा फिरायची. तिसरीतल्या भाविकाला ऐकू फार कमी यायचं. गेल्या वर्षी शिबिरात मशीन मिळालं, तशी पोरगी शब्द जोडू लागली होती. आता पुन्हा नुसती ओठांकडे बघायची.

"घरून लावून येतच नाही, मॅडम," वर्गशिक्षक हेमराज सर म्हणाले.

भाविकाचे आजोबा, झिपरू आबा, वेगळंच सांगत होते. "आंग धुई का सोताच घालस, मना सामने. सांजले घर येस तवय बी कानमाच ऱ्हास."

मग शाळेतच कुठे जातं? वर्गात मशीन शिटी मारतं, अशी तक्रार सरांनीच महिन्यापूर्वी केली होती. तेच काढून ठेवत असतील. की आबांनी विकून टाकलं, आणि आता बनवाबनवी चाललीय? भाविकाला विचारलं की ती मान खाली घालायची. शेवटी संघमित्रानं तिला खुणेनं, शब्दानं बजावलं होतं, "लावलं नाहीस तर परत घेऊन जाईन."

चौथ्या मंगळवारी ती पहिल्याच एसटीनं आली आणि शाळेसमोरच्या केळीच्या बागेच्या कडेला उभी राहिली. असं चोरून बघायची तिला लाज वाटत होती, पण पाय निघेना. आबांची सायकल फाटकाशी थांबली. भाविका उतरली. कानात मशीन होतं. आबा वळून गेले. भाविका वर्गाकडे न जाता पाण्याच्या टाकीमागे गेली. तिनं मशीन उपसून काढलं, रुमालात गुंडाळलं आणि दप्तरात खोल सारलं.

संघमित्रा समोर जाताच पोर मागे सरकली. दप्तर छातीशी धरून म्हणाली, "नेऊ नको."

संघमित्रा खाली बसली. तिनं भाविकाचे केस बाजूला केले. कानाच्या आतली कड लालबुंद सुजली होती, एका जागी पू धरला होता. वर्षभरात कान वाढला होता. कानात बसणारा साचा मात्र तेवढाच राहिला होता. त्यामुळेच मशीन शिट्या मारत होतं. दुखतं म्हणावं, तर मशीन परत जाईल ही भीती; म्हणून घरी जाताना ती ते पुन्हा घालायची. ती भीती घातली होती संघमित्रानंच. आणि दर महिन्याला वहीत 'साचा तपासला' असं लिहून सहीही तिनंच केली होती.

तिनं सरांना सगळं सांगितलं, सहीचंसुद्धा. सर आबांना फोन लावायला उठले.

कानाला औषध झालं. जखम भरल्यावर संघमित्रा, आबा आणि भाविका जळगावला जाऊन नवीन साच्याचं माप देऊन आले, आणि पुढच्या आठवड्यात तो आणायला गेले. परतीच्या एसटीत संघमित्रा म्हणाली, "आबा, मला वाटलं होतं तुम्ही मशीन विकलं."

"माले वाटे, तुम्हीच खोटं सांगीसन मशीन काढी लेतस," आबा म्हणाले. "दुसरा कोना पोरले द्यावाले."

दोघांच्या मधे बसलेल्या भाविकानं नवीन साच्यावर बोट फिरवलं आणि कंडक्टरनं हाळी दिल्याबरोबर मान वळवली.